मृतांच्या लोकातली ओळ

गुन्वरबाई बेटावरच्या शाळेत सातवी ते नववीच्या मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवायच्या. जोडीला शिवणही शिकवायच्या. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, हाल्वरला, त्यांनीच वाढवलं. त्याच्यापायी बाईंचं लग्न राहून गेलं, असं गाव म्हणायचं. त्या म्हणायच्या, "मला विचारायलाच कुणी आलं नाही. उगाच पोरावर खापर कशाला?"

फेब्रुवारीत कॉड माशांचा हंगाम ऐन भरात होता. हाल्वर आइलिफच्या बोटीवर होता. रेडिओने वादळाचा इशारा दिला होता आणि बाकीच्या बोटी धक्क्याला बांधलेल्याच राहिल्या. आइलिफ म्हणाला, वारा उठायच्या आत परत येऊ. बोट खडकांपाशी उलटली. हाल्वर आणि आणखी एक पोरगा बुडाला, एकटा आइलिफ वाचला. हाल्वर सापडलाच नाही. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड उभा राहिला. त्याखाली नुसती माती होती.

आइलिफची मुलगी रग्ना नववीत, गुन्वरबाईंच्याच वर्गात होती. बोट बुडाल्यापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. गुन्वरबाईंनी ते पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मुलांचं दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपला विश्वास कबूल करण्याचा विधी, जवळ आलं होतं, त्यामुळे विश्वासांगीकार, उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली, ओळीओळीने शिकवायचा होता. एक दिवस पापांच्या क्षमेची ओळ आली.

"क्षमा कमवायची नसते," बाई फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या. "येशू वधस्तंभावर मेला तो आपण चांगले होतो म्हणून नाही. क्षमा आपल्याला आपली लायकी नसताना मिळते. तिलाच कृपा म्हणतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "मग बोटी बुडवणाऱ्यांची चंगळच आहे."

त्या मुलाला बाहेर काढायला हवं होतं. बाईंनी पुढचं पान उघडायला सांगितलं.

तास संपल्यावर रग्ना मागे रेंगाळली. "बाई, बाबा जेवत नाहीत. दिवसभर बोटघरात बसून असतात. आत्ता सांगितलंत ते त्यांना येऊन सांगाल का?"

"चर्चच्या पाळकांना सांग ना."

"ते येऊन गेले. बाबा म्हणाले, ह्यांचं काय गेलंय? ज्यांचं गेलंय त्यांनी सांगितलं तर ऐकेन."

गुन्वरबाई हाताचा खडू झटकत राहिल्या. घरी हाल्वरचा स्वेटर अजून खुंटीला होता. "मी शाळेत शिकवते, रग्ना. घरोघर फिरून नाही."

"बरं," मुलगी म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

ईस्टरच्या तोंडावर, समुद्र तळ्यासारखा शांत असताना, आइलिफ लहान होडी घेऊन एकटाच बाहेर गेला. होडी दुसऱ्या दिवशी रिकामी सापडली. तो घसरून पडला असेल, असं पोलिसांनी म्हटलं. गावाने मान डोलावली, पण त्यावर विश्वास कुणी ठेवला नाही. प्रार्थनाघराचा पुढारी पेडर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "आपल्या हाताने गेलेल्याला तारण नाही. मी नाही म्हणत, पूर्वीपासून म्हणत आलेत."

रग्ना शाळेत आली आणि तासाला सरळ उभी राहून बोलली.

"बाई, माझे बाबा नरकात गेले का? पेडरकाका म्हणतात, गेले."

गुन्वरबाई खुर्चीत बसल्या. तासाला त्या कधी बसत नसत.

"विश्वासांगीकारातली एक ओळ मी तुम्हाला शिकवलीच नाही," त्या म्हणाल्या. "अवघड आहे म्हणून घाईने पुढे गेले. येशू मेला, त्याला पुरलं, आणि तो मृतांच्या लोकात उतरला. शुक्रवारी मेला, रविवारी उठला. मग शनिवारी कुठे होता? जिथे देव पोचत नाही असं माणसं म्हणतात, तिथे होता. वधस्तंभावर तो ओरडला होता, देवा, मला का टाकलंस? टाकलेल्या माणसांची जागा त्याने पाहिलीय. तो जाऊन आला नाही अशी जागाच आता उरली नाही. समुद्राचा तळसुद्धा."

"म्हणजे बाबांचं तारण झालं?"

"मला माहीत नाही. तो न्याय माझ्याकडे नाही, पेडरकडेही नाही. पण ते जिथे असतील तिथे एकटे नाहीत, एवढं ही ओळ सांगते."

रग्ना खाली बसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि वह्या घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसली.

संध्याकाळच्या आत पेडर शाळेत हजर झाला. शाळा समितीवरही तोच होता. "गुन्वर, पोरांना भलतंसलतं शिकवू नकोस. उद्या जगणं जड झालं की जो तो होडी घेऊन निघेल."

"मी जा म्हटलं नाही. गेलेल्याबद्दल बोलले. ती ओळ तुम्ही दर रविवारी म्हणता."

"माझा पुतण्या होता त्या बोटीवर."

"माझा भाऊ होता, पेडर."

तो टोपी डोक्यावर चढवून निघून गेला. पण तक्रार त्याने केलीच. पुढल्या वर्षापासून धर्माचा विषय दुसऱ्याकडे गेला आणि बाईंकडे शिवण तेवढं उरलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच शिकवलं.

आइलिफच्या स्मरणाची उपासना पाळकांनी केली. चर्च जवळजवळ रिकामं होतं. गुन्वरबाई आइलिफची बायको बोर्गहिल्ड आणि रग्ना यांच्या शेजारी, पहिल्या बाकावर बसल्या. नंतर घरी कॉफी होती. बोर्गहिल्डने सबंध गावाला पुरतील एवढे कप मांडले होते. बहुतेक कप तसेच पालथे राहिले.

माणसं पांगल्यावर दोघी मोरीपाशी उभ्या राहिल्या. बोर्गहिल्ड धूत होती आणि गुन्वर पुसत होती.

"पोरगी तुला बोलवायला आली होती म्हणे," बोर्गहिल्ड म्हणाली.

"आली होती. मी आले नाही."

"आली असतीस तर..." बोर्गहिल्डने वाक्य पुरं केलं नाही.

गुन्वरने कप पुसून ठेवला. त्या वाक्याचा उरलेला भाग तिला रोजच भेटत होता, झोपेतून उठल्या उठल्या.

"माफ केलंस का त्याला?" बोर्गहिल्डने विचारलं.

"नाही. मुलांना शिकवलं, पण मला जमलेलं नाही."

"मलाही नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "आम्हाला टाकून गेला तो." तिने पुढची बशी गुन्वरच्या हातात दिली.