काकांच्या छातीचा फोटो

मी सोलापुरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या विभागात दोघंच उरलो होतो, मी आणि निवृत्तीला आलेले एक तंत्रज्ञ. सगळे त्यांना सर म्हणायचे, मी काका म्हणायचे. घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी अस्सल सोलापुरी.

कोरोना वॉर्डातले पेशंट आमच्याकडे आणता येत नसत. आम्हीच चाकांचं मशीन ढकलत त्यांच्यापाशी जायचो. लांबून बटण दाबलं की झालं, असं लोकांना वाटतं. पण ज्याला बसताच येत नाही त्याच्या पाठीमागे प्लेट सरकवायची, तर त्याला कवेत घेऊन उचलावं लागतं. तो तुमच्या खांद्यावर खोकतो. मग पुढची खाट. पीपीई किटच्या आत घामाच्या धारा आणि अंगावर शिशाचा जड ॲप्रन.

माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. काका सुरुवातीलाच म्हणाले, "वॉर्डात मी जातो. तू हितलं बघ."

"काका, तुमचं वय तरी बघा की."

"माझी पोरं मोठी झाली. तुझी व्हायची हाय."

काका अंगाने दांडगे. किटची चेन त्यांना लागायची नाही, म्हणून मी चिकटपट्टी लावून द्यायचे. पेशंटला उचलायला वाकले की पट्टी सुटायची, काखेत किट फाटायचं. आम्ही मोठ्या मापाची किटं मागितली. "आली की देतो," एवढंच उत्तर मिळायचं. पुढे काम इतकं वाढलं की मलाही वॉर्डात जावं लागलं. मधे वेळ मिळाला की दोघंही जिन्याजवळच्या बाकावर न बोलता बसायचो. बोलायलाही जीव लागतो, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी काका बाकावरून उठलेच नाहीत. हात धरला तर चटका बसला. त्यांना त्याच वॉर्डात खाट मिळाली आणि फोटो काढायला मीच गेले.

त्यांना उठवेना. मी दोन्ही हात पाठीमागे घालून त्यांना पुढे ओढलं. एवढा मोठा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत होता. त्यातही म्हणाले, "प्लेट वर घे जरा. वरचा कोपरा कापला जाईल."

"काका, गप बसा. श्वास धरा."

"धरायला असला तर धरतो की."

विभागात येऊन स्क्रीनवर चित्र पाहिलं. काळी दिसायला हवीत ती दोन्ही फुप्फुसं पांढुरकी झाली होती. असे फोटो रोज पाहत होते, पण त्या दिवशी खुर्चीवरून उठायला वेळ लागला. परत वॉर्डात गेले तेव्हा फोटो बघायला त्यांनी हात पुढे केला. स्क्रीनवरून मोबाईलमध्ये टिपून आणलेला फोटो मी दाखवला. त्यांच्यापासून काय लपवणार? त्यांनी तो बराच वेळ निरखला, मोबाईल परत दिला आणि विचारलं, "जेवलीस का?"

नंतर मलाही ताप आला. मुलीला नवऱ्याकडे, दुसऱ्या खोलीत ठेवलं. ती रडायची तेव्हा माझा गाऊन दुधाने भिजायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताप उतरला तसं कामावर बोलावणं आलं, दुसरं कोणी नव्हतंच. गेले. दवाखान्याच्या दारात कुणीतरी आमच्यावर फुलं उधळली. मला फक्त झोप हवी होती.

काका वाचले. पण मशीन ढकलायची ताकद परत आली नाही. निवृत्त होईपर्यंत ते खुर्चीत बसून पेशंटची नावं पुकारायचे, आणि तेवढ्यानेही दमायचे.

आता कधीतरी रविवारी मी त्यांच्या घरी जाते. खाली मुलाचे यंत्रमाग चालतात, वर ते राहतात. डॉक्टर म्हणतात, त्या सुताच्या धुळीत राहू नका. काका म्हणतात, "मग कुटं जाऊ? हितंच घर हाय." मागच्या वेळी मला न्यायला ते खाली आले होते. परत चढताना अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे राहिले आणि मला पुढे जायची खूण केली.

मी गेले नाही. एक पायरी खाली तशीच थांबले. मलाही दम लागला होता.