एका बादलीची एकेचाळीस मिनिटं

माझी आत्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत व्हॉल्व्ह फिरवते. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती सकाळी निघते, रस्त्यातलं झाकण उचलते आणि आटे मोजत एका गल्लीचं पाणी सोडते, दुसरीचं बंद करते. सगळे तिला चावीबाई म्हणतात. तिच्यापुढे कुणाची मिजास चालत नाही, कारण आंघोळ सगळ्यांनाच करायची असते.

मी त्याच कचेरीत कारकून. खुर्चीत बसून अहवाल लिहितो. आत्याच्या मते हे काम नव्हे, पण ते जाऊ दे.

यंदा वरून एक लांबलचक फॉर्म आला. जगातल्या देशांनी मिळून सतरा उद्दिष्टं ठरवली आहेत, त्यातलं सहावं पाण्याचं. तर तुमच्याकडे ते कुठवर आलं, कळवा. जेवणाच्या सुट्टीत मी आत्याला सतराही वाचून दाखवली. भूक, आरोग्य, शाळा, बायकांची बरोबरी. प्रत्येकाला ती डबा खाता खाता म्हणे, "याला पाणी लागेलच." शेवटी म्हणाली, "मग सहाव्यात नापास झालो तर बाकीच्यात पास कसे होणार रे?"

फॉर्ममधला प्रश्न मात्र सोपा होता: घरात नळ आहे का? साहेबांनी शंभर टक्के लिहायला सांगितलं. नळ आहेतच. टेकडीवरच्या वस्तीतही घरोघरी आहेत. त्यांना दिवसाआड सुतळीएवढी धार येते, तीही खोकत खोकत. वर एक टाकी बांधली तर प्रश्न सुटेल हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण शंभर टक्के लिहिलं की टाकीचा प्रस्ताव कायमचा बासनात.

फॉर्म पडताळायला एक अधिकारी बाई येणार होत्या. साहेबांनी आत्याला बोलावून घेतलं.

"मंगळवारी खालच्या चारही गल्ल्या दोन तास बंद ठेवा. वर पाणी जोरात चढलं पाहिजे. मागच्या वेळी केलंत तसंच."

"मागच्या वेळी केलं, म्हणूनच आता करणार नाही," आत्या म्हणाली.

"चावीबाई, नोकरीचा विचार करा."

"केलाय की. अकरा वर्षं करतेय."

अकरा वर्षांपूर्वी अशीच तपासणी झाली होती. आत्याने खालच्या गल्ल्या बंद केल्या आणि टेकडीवरचे नळ धो धो वाहू लागले. लोकांनी पातेली, घमेली, फुलदाण्यासुद्धा भरून घेतल्या. बायकांनी तिचे हात हातात घेतले. तिला वाटलं, एक दिवस तरी सुखाचा दिला. तपासनिसाने वाहते नळ पाहिले, मी अहवालात 'समाधानकारक' लिहिलं, आणि मंजुरीला आलेली टाकी रद्द झाली. त्यानंतर आत्या टेकडीवर कुणाच्या घरी चहा प्यायली नाही.

मंगळवारी तिने व्हॉल्व्ह नेहमीसारखेच ठेवले आणि एक लाल बादली घेऊन आमच्याबरोबर टेकडी चढली. मॅडम, साहेब, मी. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहिलंच घर शिवणवाल्या काकूंचं. त्यांनी नळाला मोजपट्टी अडकवून ठेवली होती, म्हणजे नळाचा काहीतरी उपयोग. मॅडमनी नळ सोडला. आधी नुसती हवा आली, मग धार. आत्याने खाली बादली ठेवली आणि मॅडमना स्टूल दिलं.

"बसा. ही भरेपर्यंत जायचं नाही."

साहेबांनी तीनदा घड्याळ बघितलं. मॅडम बसल्या. काकू मात्र आत्यावर उखडल्या.

"तपासणी होती तर आज तरी पाणी सोडायचं होतंस! मागे सोडलं होतंस तसं. एक दिवस तरी भरून घेतलं असतं आम्ही. दोन तास मशीन बंद ठेवून बसते मी या नळापाशी."

आत्या त्यांच्याकडे वळली. "त्याच एका दिवसाने तुमची टाकी घालवली, काकू. मी खालच्यांचं बंद करून तुम्हाला दिलं होतं. तुम्ही माझे आभार मानलेत आणि मी ते घेतले. तेव्हाच सांगायला हवं होतं."

काकू उंबऱ्यावर बसल्या.

"म्हणजे मागचा अहवाल खोटा?" मॅडमनी विचारलं.

"नळ वाहत होते, ते खरंच होतं," आत्या म्हणाली. "पण ते पाणी या टेकडीचं नव्हतं. चावी मी फिरवली. लिहून घ्या."

अकरा वर्षं मी तो शब्द साहेबांच्या नावावर खपवला होता. "आणि 'समाधानकारक' मी लिहिलं," मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला पहिल्यांदाच काम मिळालंय.

बादली भरायला एकेचाळीस मिनिटं लागली. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे धरला; मी शंभरावर काट मारली, समासात मिनिटं लिहिली, आणि खाली आत्याने आणि मी सह्या केल्या. साहेब तेवढ्यात टेकडी उतरायलाही लागले होते. चौकशीची नोटीस दुसऱ्या दिवशी दोघांनाही मिळाली, ती वेगळी.

काकूंनी बादली आत नेऊन रिकामी केली, परत आणून ठेवली आणि मोजपट्टी पुन्हा नळाला अडकवली.

"टाकी झाली की काढीन," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "चहा टाकू?"

"टाकी झाल्यावर," आत्या म्हणाली आणि बादली घेऊन शेजारच्या दारात गेली. टेकडीवर अजून तीनशे अकरा घरं होती.