लाईट गेली नसती तर

माझ्या मोठ्या भावाकडे एक गोष्ट आहे. ती त्यानं घराण्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितली आहे, बारशांत सांगितली आहे, आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगितली. गोष्ट अशी, की वर्ध्यात कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतक्या घरांत होता, त्या काळात त्यानं एक गेम जवळजवळ जिंकला होता. तळघरातून पळणारा एक बुटका माणूस, जागोजागी खड्डे, मागून घरंगळत येणारा दगड, सगळ्यात शेवटी मगरीचा खड्डा आणि पलीकडे सोन्याचा दरवाजा. आमच्या अख्ख्या नालवाडीत तिथपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. भाऊ पोचला, मगरीच्या खड्ड्याच्या काठावर त्याचा बुटक्या येऊन उभा राहिला, आणि लाईट गेली.

इथे भाऊ थांबतो, सगळ्यांकडे बघतो आणि सुस्कारा सोडतो. भारनियमनानं विदर्भाचं जे काही नुकसान केलं त्यात पहिला नंबर याचा, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं. मग कोणीतरी म्हणतं, "लाईट गेली नसती तर!" आणि भाऊ तृप्त होऊन जिलबीकडे वळतो.

लाईट गेली होती हे खरं आहे. मी तिथेच होते. पण मी नुसती बघत नव्हते, खेळत होते. उडी मारायचं बटण माझ्याकडे होतं.

वडिलांनी कॉम्प्युटर आणला तो भावाच्या इंजिनीअरिंगसाठी. माझ्यासाठी त्याच सुमारास शिवणक्लास लावला. तिथे शिकून मी पहिली वस्तू कोणती शिवली असेल, तर त्या कॉम्प्युटरचं कव्हर, झालर लावून. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, मोठ्यानं शिंकायचं नाही असे नियम होते. दसऱ्याला आई त्याची साग्रसंगीत पूजा करायची. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि आपट्याचं पान. पान कुठं ठेवावं हा प्रश्न तिला कधी पडला नाही. फ्लॉपीची ती आडवी फट देवानं आपट्याच्या पानासाठीच केली आहे अशा खात्रीनं ती पान आत सरकवायची.

मी हात लावला की कॉम्प्युटर बिघडेल, असं घरात सर्वानुमते ठरलेलं होतं. त्यामुळे मला एकटीला बसायची परवानगी नव्हती. पण भावाची एक अडचण होती. त्याचा उजवा हात बाणांच्या बटणांवर असायचा आणि डाव्या हातात शेंगदाणे असायचे. उडी मारायला तिसरा हात हवा होता. म्हणून मला डावीकडे स्टुलावर बसवलं गेलं आणि कीबोर्डवरचं खालचं लांब बटण तेवढं माझ्या नावावर करण्यात आलं. खड्डा आला की भाऊ ओरडायचा, "दाब वं!" आणि मी दाबायचे.

सुरुवातीला त्याच्या ओरडण्यावर दाबायचे. पुढे पुढे तो ओरडायच्या आत माझं बोट गेलेलं असायचं. जरा लवकर दाबलं तर बुटक्या समोरच्या भिंतीवर आपटायचा आणि जरा उशीर झाला तर आत जायचा. मधली ती नेमकी वेळ माझ्या बोटाला कळत होती. भावाला तिचा पत्ताही नव्हता, कारण त्याला कधी गरजच पडली नाही.

तर या गोष्टीत शेंगदाणे आहेत, मगर आहे, लाईटवाले आहेत, आणि मी नाही. मला याचा राग येतो आणि तो काही थोडाथोडका राग नाही. मी एकदा त्याला बोलूनही दाखवलं. तेव्हा तो हसून म्हणाला, "अगं, तू लहान होतीस. बाजूला बसायचीस." मला बक्षीस नको होतं. त्यानं एकदा, एकदाच, चार लोकांत म्हणावं की उड्या ही मारायची, एवढंच हवं होतं.

या दिवाळीला भाऊ पुण्याहून आला तो लॅपटॉप आणि निर्धार घेऊन. पन्नाशी जवळ आली की पुरुषांना काहीतरी होतं. कोणी गुडघे दुखत असताना पळायला लागतं, कोणी बुलेट घेतं. माझ्या भावाला जुने गेम झाले. त्याच्या वयाच्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. तिथे हे लोक जुन्या खेळांची चित्रं टाकतात आणि खाली "काय दिवस होते ते" असं लिहून रडकी पिवळी तोंडं पाठवतात. ते दिवस मीही पाहिलेत. त्या दिवसांत नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि ते भरायला यांच्यातलं कोणी उठत नसे.

मी इथेच राहते. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे आईचा बीपी, सेवाग्रामच्या दवाखान्यातली रांग आणि गच्चीची गळती माझ्याकडे, आणि आठवणी भावाकडे. ही वाटणी कोणी केली नाही, आपोआप झाली.

आल्या आल्या त्यानं माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. इंटरनेटवर गेम मिळतो, पण खरी मजा ओरिजिनलमध्ये, असं त्याचं मत. आई खालून म्हणत होती, "राहू दे न बाप्पा, कशाले काढून राह्यला? धूळ पडते." ओरिजिनल फ्लॉप्या बिस्किटाच्या डब्यात निघाल्या. त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली होती. मग त्यानं कॉम्प्युटरचा लोखंडी डबा स्क्रू काढून उघडला. आत मूठभर अक्षता, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, आणि फ्लॉपीच्या फटीच्या आतल्या बाजूला एकावर एक बसलेली आपट्याची पानं. आईनं ते पाहिलं आणि चष्मा सावरून हात जोडले. भावानं डोक्याला हात लावला. इतकी वर्षं तो फ्लॉपी अडकते म्हणून कंपनीला शिव्या देत आला होता.

मग मुकाट्यानं इंटरनेटवरूनच गेम घेतला. तो सुरू झाला आणि लगेच संपला. आजकालचे कॉम्प्युटर इतके वेगवान, की बुटक्या दिसायच्या आत खड्ड्यात पडलेला असायचा. नुसतं टीं टीं टीं ऐकू यायचं. याच्यावर उपाय म्हणजे एक सॉफ्टवेअर, जे नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावतं आणि त्याचा वेग कमी करत आणतं. म्हणजे आधी भारीतला वेगवान लॅपटॉप घ्यायचा आणि मग बसून त्याला म्हातारा करायचा. माझा नवरा सरकारी कचेरीत कारकून आहे. तो म्हणाला, "आमच्या ऑफिसातला न्या. तो कोणी काही न करता असाच चालतो."

भावाला ते रुचलं नाही. दूरदेशीचा कोणी एक गृहस्थ त्याला इंटरनेटवर सल्ले देत होता आणि दोघं मिळून त्या बुटक्यात प्राण फुंकत होते. सिलिंडर संपला आहे, नंबर लावायचा आहे, हे वहिनी त्याला सांगून थकली आणि शेवटी तिनं मलाच सांगितलं. अर्थात मी लावला.

भाऊबीजेच्या दिवशी बुटक्या एकदाचा माणसासारखा चालायला लागला. भावानं आरोळी ठोकली. संध्याकाळी मी त्याला ओवाळलं, त्यानं ताटात पाकीट टाकलं आणि पाटावरून उठून थेट टीव्हीला लॅपटॉप जोडला. प्रेक्षक आम्ही चौघं: आई, वहिनी, माझा नवरा आणि मी. सुरू करण्याआधी गोष्ट झाली. मगर झाली, लाईट झाली, सुस्कारा झाला. वहिनीनं ती इतकी वेळा ऐकली आहे, की सुस्काऱ्याच्या जागी ती चकलीचा तुकडा मोडते.

"आज लाईट गेली तरी बॅटरी आहे," भाऊ म्हणाला आणि खेळायला बसला. उजवा हात बाणांवर, डावा हात लांब बटणावर.

पहिल्याच खड्ड्यात बुटक्या गेला. तो म्हणाला, "कीबोर्ड फार चपटा आहे." दुसऱ्यांदा गेला. टीव्हीवर उशिरा दिसतं, असं कारण निघालं. तिसऱ्यांदा वेग नीट बसला नव्हता. मग चष्म्याचा नंबर बदलला होता, मग ट्यूबलाईटचा उजेड पडत होता. माझा नवरा उठून ट्यूबलाईट बंद करून आला, तरी बुटक्या खड्ड्यातच. ज्या हातानं जन्मभर शेंगदाणे सोलले, त्या हाताला खड्डा कसा दिसणार? मी चकली खात शांतपणे बघत होते. इतकी मजा मला दिवाळीभर आली नव्हती.

पुन्हा सुरू केलं. बुटक्या खड्ड्याकडे निघाला, भाऊ टीव्हीत डोळे घालून पुढे वाकला, आणि पुण्यात घासूनपुसून घेतलेल्या त्याच्या तोंडातून मोठ्यानं निघालं, "दाब वं!"

बुटक्या पडला. मग वहिनीनं विचारलं, "काय दाब? कोणाला सांगतोयस?"

"तिले सांगून राह्यला," आई माझ्याकडे हात करून म्हणाली. "लहानपणी हीच दाबे ते बटन. हा एका हातानं शेंगदाणे खाये न फोलं खाली टाके. मले सैपाकखोलीतून दिसे सारं."

माझा नवरा माझ्याकडे वळून बघायला लागला. ही हकीकत त्यानं माझ्याकडून कितीदा तरी ऐकली होती आणि बहीणभावाचं भांडण म्हणून सोडून दिली होती. भावाचे कान लाल झाले. "जुनी सवय, दुसरं काय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्यानं खुर्ची उजवीकडे सरकवली. "ये, बस."

मी बसले. बोट त्या बटणावर ठेवलं, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. भाऊ ओरडेना, त्याला ओरडायची वेळच येईना. तळघरामागून तळघरं आम्ही पार करत गेलो. आईनं बातम्या लावा म्हणायचं सोडून दिलं. वहिनी पुढे सरकून बसली. आम्ही दोघं लहान झालो होतो, आणि आठवणींची एवढी टर उडवणारी मी, मीही मनात म्हटलं, काय दिवस होते ते.

मग मगरीचा खड्डा आला. बुटक्या धावत निघाला. पलीकडे दरवाजा पिवळाधमक चमकत होता आणि मागून दगड घरंगळत यायला लागला होता.

"आता," भाऊ म्हणाला.

मी बोट वर उचललं. "आधी सांग. उड्या कोण मारायचं?"

"अगं, दगड येतोय."

"तो येऊ दे. तू सांग."

"नंतर सांगतो. दाब!"

"नाही. आत्ता, यांच्यासमोर."

बुटक्या काठावर जाऊन थांबला. भावानं वहिनीकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई मान हलवून म्हणाली, "सांग न बाबू." सगळ्यांना माहीत झालं होतं, लपवायला काही उरलं नव्हतं. तरीही तो टीव्हीकडे वळला आणि बाण दाबत राहिला. दगडानं बुटक्याला मागून धक्का दिला, मगरीनं जबडा मिटला, टीं झालं. एक वाक्य बोलायचं सोडून माझ्या भावानं मगरीला जेवू घातलं.

त्या गेममध्ये मधूनच सुरू करायची सोय नाही. मेलं की पहिल्या तळघरापासून. भावानं लॅपटॉप मिटला आणि चहा टाका म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला निघाला, तेव्हा मी चिवड्याचा डबा दिला, त्यानं पिशवीत घातला. मला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता.

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच सेलूला आत्याच्या नातीचं लग्न निघालं. भाऊ पुण्याहून आला. हळदीच्या संध्याकाळी कार्यालयाच्या अंगणात खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. मी हळदीची वाटी घेऊन आत चालले होते, तेवढ्यात त्याचा आवाज कानावर आला आणि मी दारातच थांबले.

"जुना गेम चालू केला बरं का घरी," तो माझ्याकडे हात करून सांगत होता. "आम्ही दोघं, मी आणि ही, थेट शेवटच्या खड्ड्यापर्यंत पोचलो. मगर समोर, दरवाजा समोर. बाण मी सांभाळतो, उड्या ही मारते, लहानपणापासून आमचं तसंच. आणि ऐन वेळेला हिनं दाबलंच नाही."

इथे तो थांबला, सगळ्यांकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. सुस्काऱ्याची जागा तीच होती.

इतक्या वर्षांनी मी त्या गोष्टीत आले होते. लाईटच्या जागी आले होते. आमचे मामा खुर्चीतून वळले आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली.

"काऊन वं बाई," मामांनी विचारलं, "काऊन नाई दाबलं?"

मी हळदीची वाटी दुसऱ्या हातात घेतली आणि भावाकडे बघत म्हटलं, "लाईट गेलती."