ह्यांचा गुडघा आणि माझा गुडघा

आमच्या घरात दोन दुखरे गुडघे होते, पण जगाला त्यातला एकच माहीत होता. तो माझा नव्हता.

माझा उजवा गुडघा तीन वर्षं दुखत होता. अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोन दिवस विश्रांती घेते आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. कठडा धरून पायरी उतरताना मी "आई गं" म्हणायचे. मागून हे (म्हणजे माझे यजमान) विचारायचे, "किल्ली विसरलीस का?"

मग एका रविवारी ह्यांनी आपला गुडघा दुखावून घेतला. गिंडीला ह्यांच्या कारखान्याचा क्रीडादिन होता. कबड्डीच्या संघात एक माणूस कमी पडला. चोपन्न वर्षांचे हे पंचविशीतल्या मुलांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मी साताऱ्याचा आहे." चढाईला गेले आणि कुणी हात लावायच्या आत, नुसतं वळताना, आडवे झाले. चौघांनी उचलून घरी आणलं.

पहिल्या आल्या शेजारच्या कमलाबाई राव. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि सूर पक्का तमिळ. सुजलेला गुडघा पाहून त्या म्हणाल्या, "पावम." इकडे तमिळ मुलखात बिचाऱ्याला पावम म्हणतात. संध्याकाळपर्यंत सगळी इमारत येऊन पावम म्हणून गेली. कुणी शहाळी आणली, कुणी थर्मासमधून गरम रसम, कुणी पाय ठेवायला खास स्टूल. कारखान्यातून फळांची करंडी आली. ह्या सगळ्यांना कॉफी कोण देत होतं? मी. तीही कुणी न विचारलेल्या गुडघ्यावर.

मला त्या गुडघ्याचा मत्सर वाटू लागला, सवतीचा वाटावा तसा. तो दोन उशांवर निजायचा. त्याला दर दोन तासांनी बर्फ लागायचा, आणि तो मीच आणून द्यायचे.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. ह्यांच्यासाठी आणलेल्या पट्ट्यांपैकी एक मी माझ्या गुडघ्याला गुंडाळली आणि साडी थोडी वर घेऊन सोफ्यावर बसले. दिसू तर दे लोकांना!

कमलाबाई आल्या. त्यांनी ह्यांची पट्टी पाहिली, माझी पाहिली आणि हात जोडले.

"पाहा हो," त्या ह्यांना म्हणाल्या, "तुम्हांस दुखतें म्हणून हिणें पण बांधून घेतली."

"नाही हो, मला खरंच दुखतंय," मी म्हणाले.

"दुखेलच. जीव आहे ना तुझा त्यांच्यावर."

हे सोफ्यावर भरून पावले. "अगं, कशाला एवढं?" म्हणाले.

झालं. रात्रीच्या जेवणाआधी मी पतिव्रता म्हणून पाचही मजल्यांवर पोचले. दुसऱ्या मजल्यावरचं, लग्नाला दोनच महिने झालेलं जोडपं तर नमस्काराला आलं. त्यांच्यासाठी उठताना मी कळवळून "आई गं" म्हणाले. त्यांना मराठी येत नाही. तो आशीर्वाद समजून दोघंही पुन्हा एकदा वाकली.

शुक्रवारी ह्यांना नुंगंबाक्कमच्या एका हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे चाकाच्या खुर्चीत, मी ढकलतेय. बाई चष्म्यावरून पाहत राहिल्या.

"पेशंट कोण?"

"हे," मी म्हणाले.

"ते कळलं. पण तुम्ही उजवा पाय असा टाकताय, तो कधीपासून?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. माझे डोळेच भरून आले. "तीन वर्षं," मी म्हणाले.

ह्यांनी खुर्चीतून मान वळवली. "तू कधी बोलली नाहीस."

"रोज जिन्यावर बोलत होते."

मग हात पुढे करून माझ्या खांद्यावरची जड पर्स त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. एवढंच, पण त्या पर्समध्ये त्यांच्याच दोन फायली आणि पाण्याची बाटली होती, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

दोघांचेही एक्स-रे काढले आणि शेजारी शेजारी लावले. ह्यांचं हाड उत्तम होतं, नुसता स्नायुबंध ताणला गेला होता, दहा दिवसांत चालतील म्हणाल्या. माझ्या एक्स-रेवर मात्र त्यांनी पेन टेकवलं. "इथे झीज बरीच आहे."

"म्हणजे जास्त खराब कुणाचा?"

"तुमचा."

"ह्यांना जरा मोठ्याने सांगता का?"

त्यांनी सांगितलं. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. खाली येऊन रिक्षा मिळायच्या आधी मी साताऱ्याला बहिणीला फोन केला. "माझा जास्त खराब आहे," मी म्हणाले. "अभिनंदन," ती म्हणाली.

आता पाळी माझी होती. ह्यांना खरोखरच पश्चात्ताप झाला होता. घरी आल्यावर हे फोन घेऊन बसले आणि घरोघरी सांगू लागले, "माझं काही नाही हो, खरं दुखणं हिचं आहे." मी आतून ऐकत होते आणि तृप्त होत होते. फक्त ह्यांना अर्धवट सांगायची सवय नाही. डॉक्टरीणबाईंचा कागद समोर धरून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचून दाखवला. मांडी घालून बसायचं नाही, दिवसातून दोनदा व्यायाम आणि वजन आठ किलो उतरवायचं.

दुसऱ्या दिवशी कमलाबाई दोन डबे घेऊन आल्या. ह्यांच्या डब्यात तुपात थबथबलेला मैसूरपाक होता. माझ्या डब्यात उकडलेले हुलगे.

"खा," त्या म्हणाल्या, "वजन उतरतें."

त्यानंतर नवं जोडपं काकड्या घेऊन आलं. खालचा वॉचमन मला पाहिलं की लिफ्ट चालू असली तरी जिन्याकडे पाहतो आणि मग आठवण होऊन लिफ्टचं दार उघडतो. गुडघा की वजन, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. परवा एका बारशाला मी जिलबीकडे हात नेला, तर तीन टेबलांवरच्या गप्पा थांबल्या.

तीन वर्षं माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी झुरत होते. आता माझ्या प्रत्येक घासावर अख्ख्या इमारतीचं लक्ष आहे, आणि मी मैसूरपाक खाते ती न्हाणीघरात, नळ सोडून.