ऑरिनकाकांनी उसनं घेतलेलं काडतूस

अमेरिकेतल्या मॉन्टानात शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी ऑरिनकाकांबरोबर, त्यांच्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलला न बसणाऱ्या भलत्याच काडतुसांचा डबा घेऊन डोंगर चढलो. समोर घोड्याएवढा, सांबरासारखा एल्क उभा आणि घरचा फ्रीझर रिकामा!

“माझी मॅग्नम घे, ऑरिन,” आपली जास्त ताकदीची रायफल पुढे करत, सोबत आलेला शेजारचा वेंडेल गालात हसत म्हणाला. “खांदा सांभाळ हं!”

मॅग्नमच्या दणक्याने एल्क पडत नाही, नुसता खांदा निखळतो, असं काका चाळीस वर्षं त्यालाच काय, साऱ्या गावाला ऐकवत आले होते.

“गप रे!” म्हणत काकांनी त्याची रायफल ओढून घेतली. एकाच गोळीत एल्क आडवा.

“कशी काय वाटली?” वेंडेलने विचारलं.

“आवाज फार करते,” खांदा चोळत काका म्हणाले.

वेंडेलचं ते काडतूस काकांनी अजून परत केलेलं नाही. तसंच नवं आणायचं तर गावच्या दुकानात, सगळ्यांदेखत, मॅग्नमच्या काडतुसांचा डबा मागावा लागेल.