अण्णांचे फोल्डर

अण्णांचा हात माउसवर होता, पण पडद्यावरचा बाण नुसताच फिरत होता. रविवारची अख्खी सकाळ घालवून मी त्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॉम्प्युटरमधली कागदपत्रं लावली होती. आरोग्य, बँक, घर, विमा, आणि प्रत्येकात वर्षवार फोल्डर. मान आखडली होती, पण काम चोख झालं होतं.

"शुगरचा रिपोर्ट कुठे गेला?"

"आरोग्यमध्ये बघा ना, अण्णा."

"तो जोशीबाईंमध्ये होता."

जोशीबाई म्हणजे त्यांच्या डॉक्टर. अण्णांनी सगळंच माणसांच्या नावानं ठेवलं होतं. विजेची बिलं 'बंडू'मध्ये, कारण घरातला मीटर त्यांच्या या मित्रानं बसवून दिला होता. बंडूकाका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सकाळी ते नाव पुसताना मला हसू आलं होतं.

"असं लावलं की कुणालाही पटकन सापडतं," मी म्हणाले.

"कुणालाही म्हणजे माझ्यामागे तुम्हाला," अण्णा शांतपणे म्हणाले. "मी अजून आहे गं."

आयुष्यभर मी कपाटं लावली, याद्या केल्या. पण कधीकधी आवरणं म्हणजे पंगत उठायच्या आधीच पानं उचलणं असतं, हे मनात आलं आणि एकदम दमल्यासारखं झालं.

मग मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. ते नावं सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'बंडू' परत आला तेव्हा अण्णांनी बाण सरळ त्याच्यावर नेला आणि कुठलंच बिल नको असताना तो उघडून बघितला.