घरी का बोलते?

रामटेके बाईंकडे लेकराची तक्रार घेऊन गेलं की त्या खुर्ची देत नसत. स्वतःही खुर्चीत बसत नसत. पोरांच्या बस्करपट्टीवर मांडी घालायच्या, शेजारची धूळ पदरानं झटकायच्या आणि म्हणायच्या, "बसा बाई इथी. लेकरू इथूनच फळा पाह्यते, तुम्हीबी पाहा." मी इस्त्रीचं पातळ नेसून गेले होते. बसले झालं, करते काय!

ऐंशीनंतरची गोष्ट. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही. यजमान वीज केंद्रात पाळीवर. आमची मनीषा तिसरीत होती आणि तिचं शाळेत काही म्हणजे काही चालत नव्हतं. वह्या कोऱ्या, काही विचारलं की मान खाली. गणिताचे सर म्हणाले, "डोकं आहे, मन नाही." हेडमास्तर म्हणाले, "मन आहे, धाक नाही." शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा; मी तीही काढली. यजमान म्हणाले, "तू बी.ए. आहेस ना? काढ शाळेतून, शिकव घरीच. परीक्षेला बाहेरून बसवता येतं का ते बघू." दिवाळीच्या सुट्टीत मी भिंतीला वेळापत्रक लावून घरची शाळा करून पाहिली. चार दिवसांत पोरगी घरातही गप्प झाली. तरी मी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहिला. दुसरं काही सुचतच नव्हतं.

तो अर्ज घेऊन मी रामटेके बाईंकडे गेले होते, कारण मनीषाचा वर्ग त्यांचा. त्यांनी तो दोनदा वाचला, पिशवीतून बोरं काढली, दोन माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "लेकरू घरी का बोलते?"

आमच्या झाडीपट्टीत 'का' म्हणजे 'काय'. कारण विचारायचं असेल तर 'काऊन'. मला प्रश्न स्वच्छ कळला होता. पण मी मानभावीपणानं म्हटलं, "म्हणजे? घरी बोलू नये का तिनं?"

बाईंनी बोराची बी सावकाश बाहेर काढली. "माहेर कुठचं जी तुमचं?"

"पोंभुर्णा."

"हं," म्हणाल्या. एवढंच. पोंभुर्णा म्हणजे ऐन झाडीपट्टी; माझं सोंग उघडं पडलं.

खरं सांगायचं तर नागपूरला कॉलेजात पहिल्याच दिवशी मी "मले" म्हणाले आणि अख्खा वर्ग खिदळला. तीन वर्षं मला 'मले' याच नावानं हाक मारत होते. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या लेकरावर ही पाळी येऊ द्यायची नाही. शाळेतून, आजोळहून पोरीनं एक 'मले' आणला की मी दहा वेळा 'मला' म्हणवून घ्यायची.

बाईंनी अर्ज हजेरीपटात ठेवून दिला. "राहू द्या माझ्यापाशी. घाई काऊन?" हे त्यांचं पालुपद. पोरानं शाई सांडली तरी घाई काऊन, साहेब तपासणीला आले तरी घाई काऊन.

पुढच्या रविवारी त्या न सांगता घरी आल्या. मी चहा टाकत होते. मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी मला खुणेनं बोलावलं. अंगणात मनीषानं विटा ओळीनं मांडल्या होत्या आणि त्या विटांना ती शिकवत होती. "काऊन रे, पाढे नाई केले? रडू नको. मले सांग, तुले का समजून नाई राह्यलं?" मग तिनं साताचा पाढा म्हणून दाखवला. न अडखळता! मी आनंदानं ओरडले, "मनू!" आणि ती तिथेच थांबली. मान खाली.

"लेकरू पहिले तोंडातला शब्द धुते, मंग बोलते," बाई म्हणाल्या. "तोवर माहा प्रश्न दुसऱ्या लेकरापाशी जाते."

मला रडूच फुटलं. कॉलेजातलं ते सगळं मी बाईंना सांगून टाकलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्यामुळेच झालं सगळं?"

"असं मी लिहून नाई देत. मलेबी पक्कं माहीत नाई. आणि तुमच्या नागपूरवाल्यायले हासाले का गेलं होतं? तुम्ही तं भ्याल्या होत्या, बाई."

मला त्यांचा रागच आला. ज्या बाईला पक्कं माहीत नाही तिनं शिकवायचं तरी कशाला! एक दिवस मी पोरीला टोकायचं बंद करायची, दुसऱ्या दिवशी जीभ पुन्हा वळायची. कधी वहीत चार ओळी दिसायच्या, मग आठवडाभर कोरं. शाळेतून काढावी की राहू द्यावी? यजमान रोज विचारत आणि मी रोज वेगळं उत्तर देई. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

वार्षिक परीक्षेआधीच बाईंची बदली झाली, गडचिरोलीच्या पार आतल्या गावी. मी मनीषाला घेऊन चंद्रपूरच्या स्टँडवर गेले. गाडीत चढताना बाईंनी पिशवीतून माझा अर्ज काढला, घडी तशीच होती. "आता नव्या बाईले द्या, नाईतं फाडा. तुमचं तुम्ही ठरवा."

गाडी घरघरायला लागली. मी खिडकीशी धावले. जे बोलायचं ठरवून आले होते ते राहिलं बाजूलाच आणि तोंडातून निघालं, "बाई, मले काही समजूनच नाई राह्यलं जी!"

बाई हसल्या. काहीतरी म्हणाल्याही, बहुतेक नेहमीचंच. आवाजात ऐकू आलं नाही. गाडी गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

मनीषानं माझा पदर ओढला. हळूच, मी शिकवलं होतं अगदी तसं म्हणाली, "आई, मले नाही. मला."

मी तिथेच फलाटावर तिच्यासमोर बसले, पातळासकट. "नाई बाई," मी म्हटलं, "मले."

तीही माझ्यासमोर मांडी घालून बसली. मग विटांना विचारायची त्याच आवाजात तिनं विचारलं, "मंग सांग, तुले का समजून नाई राह्यलं?"

या वेळी मी प्रश्न न कळल्याचं सोंग घेतलं नाही. अर्ज तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे पाह्य, हे."